गाडीच्या एसीची गळती : आधी ठरवा, गळतंय काय

कोरेगावहून एकांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला. दर वेळी महिना-सव्वा महिना गाडी गार, मग नुसता पंखा. त्यात यंदा जूनपासून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढची मॅट ओली राहायला लागली. गॅरेजवाल्याने ओल्या मॅटला हात लावला आणि म्हणाला, "कूलिंग कॉइल गेली, डॅशबोर्ड खोलावा लागणार, ११,००० होतील." मेहुणे म्हणतात, लीक बंद करणारा डबा ऑनलाइन मिळतो, तो मारून बघा. घरच्या घरी, कमी पैशांत काही होईल का?

होईल. सगळं नाही, पण बरंच होईल. मी साताऱ्यात २२ वर्षं हेच काम करतोय. अशा प्रश्नात माझं पहिलं म्हणणं ठरलेलं असतं : तुमच्या गाडीत दोन वेगळ्या गळती आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मॅटवर सांडतंय ते पाणी आहे. निसटतोय तो गॅस. गॅस गळून मॅट ओली होत नाही. तुमच्या गाडीत बहुतेक आर-१३४ए असणार, तो मोकळ्या हवेत उणे २६ अंशाला उकळतो. कॉइलला भोक पडलंच तर गॅस थेंब होऊन खाली पडत नाही, वाफ होऊन उडून जातो. मागे राहतो फक्त थोडासा तेलकटपणा. म्हणजे ओली मॅट बघून कॉइल बदला सांगणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. तुमच्या गॅरेजवाल्याची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही. कॉइल खरंच गेलेली असूही शकेल. पण ते मॅटवरून कळत नाही.

आधी पाण्याचं बघू, कारण ते फुकटात होण्यासारखं आहे.

एसी चालू असताना कूलिंग कॉइल गार पडते आणि हवेतली वाफ तिच्यावर धरते, तांब्यात गार पाणी भरलं की बाहेरून घाम येतो तशी. साताऱ्याचा जुलै म्हणजे हवेतच पाणी, कासकडे चार दिवस गाडी फिरवली की सीटकव्हरसुद्धा दमट लागतं. हे पाणी कॉइलखालच्या प्लास्टिकच्या खोक्यात साठतं आणि तिथून एका नळीने गाडीखाली पडतं. ती नळी तुंबली की खोकं भरतं आणि पाणी आत, शेजारच्या माणसाच्या पायाशी सांडतं. एवढीच गोष्ट.

तरी पाणी एसीचंच आहे याची खात्री करा. मॅट काढून वाळवा, खाली जुना पेपर अंथरा. पावसात गाडी उघड्यावर ठेवून एसी अजिबात न लावता पेपर भिजला, तर पाणी बाहेरून येतंय : पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साठलीत, नाहीतर दाराचं रबर गेलंय. पाणी चिकट लागलं, गोडसर वास आला, काचेवर आतून तेलकट धुकं धरायला लागलं, तर ते हीटरमधून येणारं कूलंट आहे. मग एसी सोडा, आधी रेडिएटरची पातळी बघा, नाहीतर इंजिन तापून मोठा खर्च निघेल. आणि स्वच्छ, बिनवासाचं पाणी फक्त एसी लावल्यावरच येत असेल, तर नळी.

नळी शोधायची कशी? बहुतेक गाड्यांत ती इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, शेजारच्या सीटच्या बाजूला, खालच्या अंगाला बाहेर येते. अंगठ्याएवढं काळं रबरी तोंड असतं. गाडी उचलायची असेल तर जॅकवर विश्वास ठेवून खाली शिरू नका. चाकांना लाकडाचे ठोकळे, स्टँड लावा, नाहीतर सरळ सर्व्हिसिंगच्या रॅम्पवाल्याला पन्नास रुपये द्या. तोंड सापडलं की आधी बोटाने चाचपा. गेल्या वर्षी पाटणहून एक गाडी आली होती, मॅट पिळली तर अर्धी बादली पाणी निघालं असतं. नळीच्या तोंडात बोट घातलं तर कडक, सिमेंटसारखं काहीतरी लागलं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोकरलं तेव्हा मातीचं छोटं मडकं फुटून हातात आलं आणि आत वाळलेली अळी. कुंभारीण माशीने घर केलं होतं. ते निघालं आणि मागून तांब्याभर काळं पाणी माझ्या बाहीत शिरलं. काम संपलं. गाडीमालक उन्हाळ्यात तीन महिने गाडी शेडमध्ये लावून मुंबईला होते, तेवढ्यात तिने संसार मांडला होता.

कुंभारीण नसली तर कचरा, सडलेली पानं, उंदराने ओढून आणलेलं ऊसाचं चिपाड. ते काढायला लोखंडी तार घालू नका, तार सरळ आत जाऊन कॉइलला टोचली तर मग खरोखरच ११,००० होतील. शेतात ठिबकची बारीक मायक्रोट्यूब असते ना, चार-पाच मिलिमीटरची, ती उत्तम. मऊ असते, वळते. पाच-सहा इंच आत सारायची, फिरवायची, काढायची. पंक्चरवाल्याच्या हवेने नळीत खालून झोत मारायचा मोह होतो. तो आवरा, घाण उलटी वर खोक्यात जाऊन बसते. मग केबिन फिल्टरच्या जागेतून वाटीभर पाणी हळूहळू ओतून बघा, खाली धार लागली की झालं. त्याच वेळी केबिन फिल्टरही बघून घ्या. तो धुळीने गच्च असेल तर हवा कमी जाते, कॉइलवर बर्फ धरतो, आणि एसी बंद केल्यावर तो बर्फ एकदम वितळून खोकं ओसंडतं. कॉइलवर बर्फ कमी गॅसनेही धरतो. पाण्याचा गॅसशी संबंध असलाच तर एवढाच.

आता गॅस.

"एसीचा गॅस दर वर्षी भरायचा असतो" हे वाक्य मी रोज ऐकतो. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीचा गॅस जळत नाही, तोच तोच फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षाला थोडाफार झिरपतो हे खरं, म्हणून आठ-दहा वर्षांत एकदा भरावा लागला तर समजू शकतो. महिन्यात गेला म्हणजे भोक आहे. दोन उन्हाळ्यांत तुम्ही तीनदा पैसे दिले ते फुटक्या घागरीत पाणी भरायचे. प्रत्येक वेळी भरणाऱ्याने भोक शोधलं असतं तर दुसऱ्या वेळची गरजच नव्हती, पण शोधायला तास लागतो आणि भरायला वीस मिनिटं. धंद्याचं गणित तिथेच बिघडतं.

गॅस किती उरलाय हे मीटरवरून सांगणारेही भेटतील. बंद गाडीला मीटर लावतात, काटा ९०-९५ पीएसआय (हे दाबाचं माप) दाखवतो, "गॅस आहे की!" म्हणतात. घरातला सिलेंडर आठवा. त्यात १४.२ किलो असो की शेवटचा अर्धा किलो, शेगडीची ज्योत तीच असते. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब हवामानाप्रमाणे तेवढाच राहतो. किती उरलाय ते बघायला आपण सिलेंडर हलवून बघतो, वजन करतो. इथेही तेच. ३० अंशाला आर-१३४एचा दाब ९७ पीएसआयच्या आसपास असतो, मग आत ४०० ग्रॅम असो की १००. काटा शून्यावर किंवा वीस-तीसवर असेल तर मात्र खरंच रिकामं झालंय. म्हणून गॅस वजनाने भरायचा. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. स्टिकरचा फोटो काढून ठेवा, पुढे कामाला येईल. त्यावर आर-१२३४वायएफ लिहिलं असेल, किंवा गाडी हायब्रिड अथवा इलेक्ट्रिक असेल आणि कॉम्प्रेसरकडे, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाकडे, नारिंगी केबल जात असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही. कंपनीच्या शिकलेल्या माणसाकडेच जा. पहिला गॅस पेट घेऊ शकतो, दुसऱ्यात जीव घेणारा करंट आहे.

भोक कुठे असतं? माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांवरून सांगतो. सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे गॅस भरायच्या तोंडातली पिन. सायकलच्या ट्यूबमध्ये असते तशी, पण ट्यूबची पिन इथे चालत नाही, रबर वेगळं असतं. मग जॉइंटमधल्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या. मग कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढे असतो तो. हायवेचं सहापदरीचं काम सुरू झाल्यापासून डंपरच्या मागून येणाऱ्या गाड्यांना खडी लागून कंडेन्सर फुटण्याचं प्रमाण मला तरी वाढलेलं दिसतं. मग कॉम्प्रेसरचं पुढचं शाफ्ट सील, म्हणजे त्याच्या फिरत्या दांड्याभोवतीचं सील. कूलिंग कॉइल सगळ्यात शेवटी धरावी, कारण ती बघायला सगळ्यात महाग पडते. कॉइल जात नाही असं नाही, जाते. पण चार जागा बाहेरून बघता येत असताना आधी डॅशबोर्ड का फोडायचा?

शोधायचं साहित्य : भांडी घासायचं लिक्विड, पाणी, दाढीचा जुना ब्रश, टॉर्च, छोटा आरसा. लिक्विड एक भाग, पाणी तीन-चार भाग, खळखळून नाही तर हळूच मिसळायचं. आधीच फेस झाला तर बुडबुडा कुठला आणि फेस कुठला, कळत नाही. चष्मा लावा. जवळ बिडी-सिगारेट नको. हा गॅस एरवी पेटत नाही, पण ज्वालेतून गेला की विषारी धूर होतो.

ब्रश लावायच्या आधी डोळे लावा. गॅससोबत आत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, आणि जिथून गॅस निसटतो तिथे थोडं तेल मागे ठेवून जातो. त्या तेलावर धूळ बसते. म्हणून धुळीच्या गाडीत लीक शोधणं सोपं, चकचकीत धुतलेल्या गाडीत अवघड. शोधायच्या आधी इंजिन धुऊन आणणाऱ्यांना मी हात जोडतो. पाइप सगळे कोरडे, राखाडी धुळीचे, आणि एकाच जॉइंटभोवती काळपट ओलसर कडं दिसलं, तर अर्धं काम झालं. कॉम्प्रेसरच्या पुढच्या क्लचभोवती बॉनेटच्या आतून तेलाची आडवी रेघ उडालेली दिसली तर शाफ्ट सील. कंडेन्सरच्या जाळीत रुपयाएवढा तेलकट डाग दिसला तर खडी लागलीय.

आता वेळ कधीची धरायची, यात बरेच जण चुकतात. इंजिन चालू ठेवून साबण लावतात. एसी चालताना जाड पाइपच्या बाजूचा, म्हणजे परतीचा दाब ३०-४० पीएसआयपर्यंत उतरलेला असतो. गाडी बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबलात की दोन्ही बाजू समान होतात आणि त्याच पाइपात नव्वदच्या वर दाब येतो. तेव्हा जाड पाइपचे जॉइंट गाडी बंद असताना तपासायचे. बारीक पाइप आणि कंडेन्सर मात्र दहा मिनिटं एसी फुल्ल चालवून, बंद केल्या केल्या लगेच, कारण तिथला दाब चालताना दोनशेच्या वर असतो आणि बंद केल्यावर उतरत जातो. चालू गाडीत हात घालू नका. चावी नुसती ऑन असली तरी रेडिएटरचा पंखा कधीही स्वतःहून सुटतो, आणि त्याला तुमचं बोट कळत नाही.

पहिला ब्रश पिनेला. जाड आणि बारीक पाइपवर दोन टोप्या असतात, एल आणि एच लिहिलेल्या. टोपी काढायची आणि तोंडात साबणाच्या पाण्याचे चार थेंब भरून ठेवायचे. निवांत बघायचं. मोठा लीक असेल तर लगेच फसफसतं. बारीक असेल तर थेंबाच्या मधोमध मोहरीएवढा बुडबुडा येतो, मिनिटभरात हरभऱ्याएवढा होतो, फुटतो, परत मोहरी. एक मिनिटात काही झालं नाही म्हणून सोडून देऊ नका, चहा पिऊन या. आणि टोपी आहे का तेही बघा! ती टोपी धूळ अडवायला नसते, आत रबरी रिंग असलेलं ते खरं झाकण आहे. अनेक गाड्यांत गॅस भरणाऱ्याने ती कुठेतरी ठेवलेली असते आणि गाडी तशीच पळत असते. तुमच्या गाडीत तीनदा गॅस भरला म्हणजे ती पिन तीनदा दाबली गेली. माझा पहिला संशय तिच्यावरच आहे.

मग एकेक जॉइंट. खालच्या बाजूने आरसा धरून. बुडबुडा सापडला की तिथे खडूने खूण करा, फोटो काढा.

काहीच सापडलं नाही तर? तर दोन वाटा. गॅससोबत यूव्ही डाय सोडून घ्यायचा आणि आठवड्याने रात्री यूव्ही टॉर्च मारून बघायचं, जिथे लीक तिथे पोपटी चमकतं. एसीचं पाणी ड्रेन नळीतून चमकत आलं तर कॉइल गेली हे पक्कं. किंवा गॅस हुंगणारं यंत्र असलेल्या गॅरेजात जायचं. हा गॅस हवेपेक्षा साडेतीन पट जड असतो, तो खाली बसतो, म्हणून गाडी अर्धा तास बंद ठेवून यंत्राचं नाक त्या ड्रेन नळीच्या तोंडाशी धरायला सांगा. वरच्या जाळीशी नाक फिरवून "नाही" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. कॉइल बदला सांगणाऱ्याकडून मी तरी यातला एक पुरावा मागितल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावू देणार नाही.

सापडलेला लीक घरी काढता येतो का? इथे थांबा. आत दाब असताना पिन किंवा जॉइंट सोडवायचा नाही. नट अर्धा फिरला की आतून उणे २६ अंशाचा द्रव बाहेर येतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो, बोटावर पडला तर कातडी जळल्यासारखी गोठते. शिवाय जो गॅस हवेत सोडाल त्याचा हिशोब एकदा करून बघा. आर-१३४ए हा वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट भारी. ४०० ग्रॅम सोडला म्हणजे पावणेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढा धूर करायला अडीचशे लिटर पेट्रोल जाळावं लागेल. तुमच्या गाडीने साताऱ्याहून पुण्याला वीस वेळा जाऊन यावं एवढं. गॅस शिल्लक असेल तर तो मशिनने ओढून घेणाऱ्या गॅरेजात जा, तो परत वापरताही येतो.

पण तुमच्यासारख्या गाडीत बहुधा सगळं आधीच उडून गेलेलं असतं. मीटर शून्य दाखवत असेल तर मग काम घरी करता येतं. पिन बदलायला छोटी काडी मिळते, एसीच्या सामानाच्या दुकानात, पिनही तिथेच, आर-१३४एची म्हणून मागा. ओ-रिंग बदलायची असेल तर जुनी सोबत नेऊन मापाची घ्या, एसीचीच, बहुतेक हिरव्या रंगाची मिळते. नळाच्या दुकानातला काळा वायसर महिनाभरात फुगतो. बहुतेक जॉइंट दहाच्या पान्याचे असतात. एका बोल्टचा चौकोनी जॉइंट असेल तर सोपं. दोन नटांचा असेल तर दोन पाने हवेत, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर ॲल्युमिनियमचा पाइप जिलेबीसारखा पिळतो. नवी रिंग कोरडी बसवू नका, कॉम्प्रेसरचंच तेल बोटाने चोळून लावा. बसायची जागा मऊ कापडाने पुसा, पॉलिश पेपर लावला की चरे पडतात आणि नवी रिंगही गळते. आवळताना मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा नको. ॲल्युमिनियमचे आटे गेले की दहा रुपयांच्या रिंगपायी दोन हजारांचा पाइप जातो.

पाइप सोडवल्या सोडवल्या दोन्ही तोंडांना प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड लावा. आतलं पॅग तेल, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल, हवेतला ओलावा मिठासारखं ओढतं. पावसाळ्यात रात्रभर उघडं ठेवलं तर आत पाणी गेलंच समजा. ते पाणी पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे गॅस ज्यातून कॉइलकडे जातो त्याच्या, बारीक भोकाशी बर्फ होतं, गॅससोबत आम्ल होऊन धातू खातं. जास्त वेळ उघडं राहिलं असेल तर ड्रायरही, म्हणजे आतला ओलावा शोषणारा भागही, बदलावा लागतो.

कंडेन्सरला एम-सील लावून आलेली गाडी महिन्याला एक तरी येते. पाण्याच्या टाकीला एम-सील छानच, पण इथे आतून दोनशेच्या वर पीएसआय, वर तेल, वर इंजिनचा थरथराट. खंबाटकी घाट चढेपर्यंतच सुटतं. कंडेन्सर बदलावाच लागतो, तो निदान डॅशबोर्ड न खोलता बदलता येतो. पाइपला भोक असेल तर मात्र आर्गॉन वेल्डिंगवाला तीन-चारशे रुपयांत पक्कं करून देतो. पाइप काढून न्यायचा, गाडीवर ठेवून नाही.

आणि मेहुण्यांचा डबा. अगदी बारीक झिरपणाऱ्या रबराला त्याने थोडे दिवस निभतं, खोटं बोलणार नाही. पण यातली काही रसायनं ओलावा लागला की घट्ट होतात, आणि ओलावा भोकाशी आहे की एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी हे त्यांना कळत नाही. वर, डबा मारलेली गाडी समजली की मी तिला माझं गॅस ओढायचं मशिन लावत नाही, कारण एकदा लावलं होतं आणि मशिनचा व्हॉल्व्ह चिकटून महिनाभर धंदा बसला. पिनेतून गळत असताना सगळ्या यंत्रात गोंद कशाला फिरवायचा?

याहून वाईट दोन गोष्टी आहेत, त्या आपल्याकडे सर्रास चालतात. एक, दाब देऊन लीक शोधायला वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन मारतात. आत तेल आहे, ऑक्सिजन आणि तेल दाबाखाली भेटले की स्फोट होतो, माणसं गेली आहेत. पंक्चरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं, आणि आत गॅस शिल्लक असताना दाबाखालची हवा मिसळली तर हा न पेटणारा गॅसही पेटू शकतो. दाब द्यायचा तर कोरडा नायट्रोजन, रेग्युलेटर लावून, दीडशे पीएसआयच्या आत. दोन, स्वस्त पडतं म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा गॅस भरतात. गार करतो, खरंच गार करतो. पण कूलिंग कॉइल तुमच्या केबिनमध्ये आहे. ती गळली की सिलेंडर मांडीवर घेऊन बसल्यासारखं. नेहमीपेक्षा निम्म्या भावात गॅस भरून देणारा भेटला तर सिलेंडरवरचं नाव वाचल्याशिवाय पाइप जोडू देऊ नका.

लीक काढून झाला की पुढचं काम गॅरेजात, कारण आतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा घरी घेणं परवडत नाही. तिथे फक्त उभं राहून बघा. पंप निदान अर्धा-पाऊण तास चालला पाहिजे. पाच मिनिटं पंप लावून गॅस सोडणारे आहेत, त्याने हवा निघते, ओलावा निघत नाही. ओलावा काढायचा म्हणजे आतलं पाणी ३० अंशालाच उकळवायचं, त्यासाठी दाब खूप खाली जावा लागतो आणि तिथे वेळ द्यावा लागतो. इथे आपल्याकडची एक गंमत सांगतो. यूट्यूबवर बघून आलेले काही जण काट्याकडे बोट दाखवून म्हणतात, "३० ला गेला नाही, पंप खराब आहे." समुद्रकाठी व्हॅक्यूमचा काटा जेमतेम पाऱ्याच्या ३० इंचांना टेकतो. सातारा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास वर, इथे हवेचाच दाब कमी, त्यामुळे पूर्ण व्हॅक्यूम झाला तरी काटा साडेसत्तावीसच्या आसपास थांबतो. महाबळेश्वरला हेच काम केलं तर पंचवीस-साडेपंचवीस. मीही पहिल्या वर्षी या काट्यापायी एक चांगला पंप खोलून बसलो होतो.

पंप बंद केल्यावर वीस मिनिटं काटा हलला नाही म्हणजे लीक नाही, असं मात्र धरू नका. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा फक्त एक वातावरणाच्या जोराने आत ढकलते, आणि गाडी चालताना आतून पंधरा पट जोर असतो. तेही उलट्या दिशेने. व्हॅक्यूमला धरणारी रिंग दाबाला सोडते. त्यामुळे गॅस भरल्यावर तुमच्या खुणेच्या जागी परत साबण लावा, गॅरेजातच.

गॅस काट्यावर ठेवून, स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच. "पन्नास ग्रॅम जास्त टाकतो, मस्त गार होईल" याला नाही म्हणा, जास्त गॅसने दाब वाढतो आणि गारवा कमी होतो. लीकमधून तेलही गेलेलं असतं, तेव्हा तेल किती टाकलं, कोणत्या नंबरचं टाकलं, तेही विचारा. पॅग ४६ च्या जागी दुसरंच काही पडलं की कॉम्प्रेसर वर्षभरात कुरकुरतो.

पैशांचं म्हणाल तर, माझ्याकडे पिन पन्नासच्या आत, रिंग दहा-वीस रुपये, व्हॅक्यूम करून गॅस भरणं १,२०० ते १,५०० रुपये. तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे असेल. पिन किंवा रिंग निघाली तर दोन हजारांच्या आत सगळं. कंडेन्सर निघाला तर साधारण पाच-सहा हजार. कॉइलच निघाली, आणि डायने किंवा यंत्राने तुमच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाली, तर ते ११,००० काही जास्त नाहीत, डॅशबोर्ड काढून परत कुरकुर न होता बसवणं हे दिवसभराचं काम आहे. त्यात कॉइलसोबत एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायर धरलाय का, ते विचारून घ्या.

तुम्ही या रविवारी एवढंच करा : ड्रेन नळी मोकळी करा, दोन्ही टोप्या जागेवर आहेत का बघा, पिनेत साबणाचे थेंब टाका. गॅस नुकताच संपला असेल, तर थोडा दाब अजून असेल, तेवढ्यात बुडबुडा दिसून जाईल. अजिबातच दाब नसेल तर साबण लावून उपयोग नाही, मग नायट्रोजन मारणाऱ्याकडे जावं लागेल. बुडबुड्याचा फोटो निघाला तर मला दाखवा. आणि नळी मोकळी झाल्यावर गाडीखाली टपटप पाणी दिसायला लागेल, शेजारचे सांगतील गाडी गळतेय म्हणून. ते पाणी तिथेच पडायला हवं.